सिस्टिम्स इंजिनिअरिंगच्या सोसायटीत मेंबर तर झालात, आता कामाला कसं लागायचं

बऱ्याच जणांचं असंच होतं, की फी भरली, वेलकम मेल आला, प्रोफाइलवर एक ओळ वाढली आणि मग एकदम वर्षभराने रिन्यूअलचा मेल आला तेव्हा आठवलं की अरे, आपण मेंबर आहोत नाही का. मग विचारतात, "काही उपयोग आहे का याचा?" अशा मेंबरशिपचा खरंच काही उपयोग नाही, ते पैसे वाचवलेले बरे. उपयोग होतो तो आत शिरून काहीतरी छोटं काम अंगावर घेतलं की, आणि ते कुठे मिळतं, कसं मागायचं, हे कुणी धड सांगत नाही म्हणून हे लिहायला घेतलं.

सिस्टिम्स इंजिनिअरिंग म्हणजे सुटा भाग न बघता अख्खी सिस्टिम जुळवून घडवण्याचं काम, आणि त्याची सोसायटी म्हटलं की मुख्यतः इन्कोसी, म्हणजे इंटरनॅशनल कौन्सिल ऑन सिस्टिम्स इंजिनिअरिंग. १९९० मध्ये अमेरिकेत नॅशनल कौन्सिल म्हणून सुरू झाली आणि १९९५ मध्ये नॅशनलचं इंटरनॅशनल झालं. सुरू करणारी मंडळी बहुतेक विमान, अवकाश आणि संरक्षण क्षेत्रातल्या कंपन्यांमधली होती, त्यांचं दुखणं हे की एकेका भागाचे तज्ज्ञ भरपूर मिळतात पण अख्खी सिस्टिम डोक्यात धरून चालणारा माणूस मिळत नाही. या जन्माचा ठसा अजून आहे, म्हणजे तुम्ही मेडिकल उपकरणं, गाड्या, रेल्वे किंवा नुसत्या सॉफ्टवेअरमधून आलात तर सुरुवातीला वाटेल की इथे सगळी उदाहरणं उपग्रहाची आणि विमानाचीच का. त्यावर कुरकुरू नका, कारण तिथेच तुम्हाला जागा आहे, त्याबद्दल पुढे बोलूच.

बाकीही संस्था आहेत. आयट्रिपलई या इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर्सच्या संस्थेची सिस्टिम्स कौन्सिल आहे, सेफ्टीवाल्यांची सिस्टिम सेफ्टी सोसायटी आहे, आणि थिअरीची आवड असेल तर इंटरनॅशनल सोसायटी फॉर द सिस्टिम्स सायन्सेस आहे जिची मुळं १९५४ पर्यंत जातात, बर्टालान्फी, बोल्डिंग, रॅपोपोर्ट, जेरार्ड या संस्थापक मंडळींपर्यंत. पण रोजच्या कामात रिक्वायरमेंट (सिस्टिमने काय करायला हवं), इंटरफेस (दोन भाग एकमेकांना जोडले जातात ती जागा), व्हेरिफिकेशन (ठरल्याप्रमाणे झालंय का ते तपासणं) हे शब्द येत असतील तर इन्कोसीपासून सुरू करा, बाकीचं नंतर बघता येईल. खाली जे सांगतोय त्यातलं बरंचसं दुसऱ्या सोसायटीतही तसंच्या तसं चालतं.

पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी करा. एक म्हणजे सेबॉक वाचायला लागा. सिस्टिम्स इंजिनिअरिंगच्या ज्ञानाचा हा मोठा विकी आहे, पहिली पूर्ण आवृत्ती २०१२ ची, फुकट आहे, त्यासाठी मेंबर असावं लागत नाही. सगळा वाचायला जाऊ नका, वेड लागेल, आपल्या कामाचा एक विषय घ्या, समजा इंटरफेस मॅनेजमेंट, आणि तेवढाच नीट वाचा. वाचताना "हे आमच्याकडे असं होत नाही" असं जिथे वाटेल तिथे खूण करून ठेवा, ही खूण पुढे कामी येते. दुसरं म्हणजे ऑफिसात विचारा की आपली कंपनी इन्कोसीच्या कॉर्पोरेट अ‍ॅडव्हायझरी बोर्डावर, म्हणजे मेंबर कंपन्यांच्या सल्लागार मंडळावर आहे का किंवा मेंबरशिपची फी कंपनी देते का. कित्येकांना माहीतच नसतं आणि स्वतःच्या खिशातून भरत बसतात. विद्यार्थी असाल तर विद्यार्थ्यांसाठीची वेगळी मेंबरशिप बघा, पूर्ण फी भरू नका.

मेंबर झालात की पहिला दरवाजा म्हणजे चॅप्टर. सोसायटीचे तीन मोठे विभाग आहेत, अमेरिका खंड, युरोप-मध्यपूर्व-आफ्रिका आणि आशिया-ओशनिया, आणि त्यांच्या खाली देशांचे किंवा शहरांचे चॅप्टर. चॅप्टरमध्ये व्याख्यानं होतात, कुठेतरी साइट बघायला नेतात, सर्टिफिकेशनच्या परीक्षेसाठी अभ्यासाचे ग्रुप चालतात. हे सगळं चांगलं आहे पण नुसतं व्याख्यान ऐकून घरी गेलात तर तुम्ही प्रेक्षकच राहता. ओळख व्हायला हवी असेल तर सोपा उपाय असा की चॅप्टरच्या कार्यक्रम बघणाऱ्या माणसाला मेल टाका की पुढच्या व्याख्यानाला मी रजिस्ट्रेशन सांभाळतो किंवा प्रश्नोत्तरं लिहून काढतो. चॅप्टर चालवणारे सगळे नोकरी सांभाळून फुकट काम करत असतात, त्यांच्याकडे माणसांची कायमची टंचाई असते, त्यामुळे असं कुणी स्वतःहून विचारलं तर नाही म्हणायचा प्रश्नच येत नाही. आणि प्रश्नोत्तरं लिहिताना होतं काय की वक्त्याला दोन गोष्टी परत विचाराव्या लागतात, झाली ओळख.

खरा माल मात्र वर्किंग ग्रुपमध्ये आहे, आणि माझं सरळ मत आहे की वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा आणि एक वर्किंग ग्रुप धरा. एकच. मेंबर एकत्र येऊन डॉक्युमेंट्स तयार करतात ते हे ग्रुप, ते विषयांचे असतात, रिक्वायरमेंट्सचा आहे, आर्किटेक्चरचा आहे, अ‍ॅजाइलचा, सिस्टिम सिक्युरिटीचा, ह्यूमन सिस्टिम्स इंटिग्रेशनचा, आणि क्षेत्रांचेही आहेत, जसं ऑटोमोटिव्ह, हेल्थकेअर, स्पेस. यादी बघून लोक हावरटासारखे पाच-सहा ठिकाणी नाव देतात आणि मग इनबॉक्स इतका भरतो की एकही मेल उघडला जात नाही.

कुठला निवडायचा? आवडीचा विषय असं लोक सांगतात, मी म्हणेन जिथे तुमच्याकडे द्यायला काहीतरी आहे तो. नवीन माणसाला वाटतं आपल्याकडे काय असणार, तिथे तीस-तीस वर्षं काम केलेले बसलेत. पण त्या तीस वर्षंवाल्याने इन्शुलिन पंपाचं रिस्क फाइल कधी बघितलेलं नसतं, किंवा दर महिन्याला सॉफ्टवेअर अपडेट जाणाऱ्या गाडीत व्हेरिफिकेशनचं काय होतं ते बघितलेलं नसतं, आणि तुम्ही कदाचित रोज तेच करताय. वर म्हटलं ना उदाहरणं सगळी विमानाची, तर ती यामुळेच. तुमच्या क्षेत्रातलं एक नीट मांडलेलं उदाहरण हे कुठल्याही ग्रुपला हवंच असतं.

नाव द्यायच्या आधी त्या ग्रुपचं चार्टर वाचा. प्रत्येक ग्रुपचं असतं, छोटंच असतं, त्यात ग्रुप कशासाठी आहे आणि काय काय तयार करणार आहे ते लिहिलेलं असतं. जे डॉक्युमेंट करायचं ठरलंय त्याचा वेगळा प्लॅन असतो, टेक्निकल प्रॉडक्ट प्लॅन म्हणतात. हे वाचलं की कळतं ग्रुप जिवंत आहे का नुसताच नावाला. जिवंत ग्रुपची खूण म्हणजे हातात काहीतरी चालू डॉक्युमेंट आहे, मीटिंगच्या नोट्स अलीकडच्या आहेत, आणि मेल टाकला तर ग्रुपचा चेअर किंवा को-चेअर आठवड्या-दोन आठवड्यांत उत्तर देतो. यातलं काहीच दिसत नसेल तर विषय कितीही आवडता असो, दुसरा बघा.

चेअरला पहिला मेल कसा लिहायचा, तर आयुष्याची कहाणी नको आणि "मला शिकायची इच्छा आहे, काही काम असल्यास कळवा" असंही नको. त्याने काय होतं, काम शोधायचं काम त्या बिचाऱ्यावरच येऊन पडतं, आणि तो "वेलकम" लिहून विसरतो. त्याऐवजी असं लिहा: "मी अमुक क्षेत्रात इंटरफेस कंट्रोलचं काम करतो. तुमच्या ड्राफ्टचा इंटरफेसचा भाग मी वाचून कमेंट्स देऊ शकतो, महिन्याला साधारण चार तास देता येतील. कुठली आवृत्ती घेऊ?" क्षेत्र, नेमकं काम, किती वेळ आणि एक प्रश्न ज्याचं उत्तर एका ओळीत देता येतं. अशा मेलला उत्तर येतंच.

पहिले एक-दोन कॉल गप्प ऐका. कॉलच्या वेळा बऱ्याचदा अमेरिका-युरोपच्या सोयीच्या असतात, तुम्ही भलत्याच टाइमझोनमध्ये असाल तर आधीच विचारून घ्या की रेकॉर्डिंग असतं का आणि लेखी कमेंट्स चालतात का. बहुतेक ठिकाणी चालतात, कारण खरं काम कॉलवर होतच नाही, ते डॉक्युमेंटवर होतं.

आता रिव्ह्यू, म्हणजे दुसऱ्याचा ड्राफ्ट वाचून कमेंट्स देणं. हे काम कुणालाच आवडत नाही, आणि नव्या माणसासाठी यापेक्षा चांगली जागा नाही. पण कमेंट लिहायची पद्धत असते. "हा भाग गोंधळात टाकणारा आहे" ही कमेंट नव्हे, ती तक्रार झाली, लेखकाने तिचं करायचं काय? कमेंटमध्ये चार गोष्टी लागतात, कुठे आहे, आत्ता काय लिहिलंय, त्याऐवजी काय लिहावं, आणि का. चौथं लोक गाळतात आणि तिसरं तर हमखास गाळतात. उदाहरण घेऊ. रिक्वायरमेंट लिहिण्याबद्दल कुठला तरी ड्राफ्ट आहे आणि त्यात नमुना दिलाय की "सिस्टिमने शक्य असेल तिथे ऑपरेटरला लवकर प्रतिसाद द्यावा." इन्कोसीच्या रिक्वायरमेंट्स ग्रुपचं गाइड टू रायटिंग रिक्वायरमेंट्स म्हणून जे डॉक्युमेंट आहे ते वाचलेलं असेल तर दोन गोष्टी लगेच खुपतात, "शक्य असेल तिथे" ही पळवाट आहे, आणि "लवकर" मोजता येत नाही. तर कमेंट अशी जाईल की अमुक पान अमुक ओळ, आत्ताचं वाक्य हे, सुचवलेलं वाक्य "ऑपरेटरने स्टॉप कमांड दिल्यापासून ५०० मिलिसेकंदांच्या आत कंट्रोलरने मोटरचा सप्लाय तोडावा", आणि कारण असं की जुन्या वाक्यावरून टेस्ट लिहिता येत नाही, सप्लायर कधीही म्हणू शकतो की आम्हाला शक्य नव्हतं, शिवाय प्रतिसाद नेमका कुणी द्यायचा हेही त्यात कळत नाही. आकडा चुकीचा असला तरी चालेल, उदाहरणच आहे, पण लेखकाला आता उचलून चिकटवता येईल असं काहीतरी तुम्ही दिलंत. अशा दहा कमेंट्स दिल्यात तर पुढच्या वेळी चेअर स्वतःहून विचारतो की हा सेक्शन तुम्हीच लिहिता का. ग्रुपमध्ये माणसं पुढे जातात ती अशीच, भाषणं ठोकून नाही.

एक सावधगिरी, आणि ही गंभीर आहे. कंपनीतलं काही देताना परवानगी घ्या. उदाहरणात खऱ्या प्रॉडक्टचे आकडे, आर्किटेक्चरची चित्रं, ग्राहकाचं नाव, यातलं काहीही सहज म्हणून टाकू नका. संरक्षण किंवा अवकाश क्षेत्रात असाल तर एक्स्पोर्ट कंट्रोलचे, म्हणजे तांत्रिक माहिती देशाबाहेर देण्यावरचे नियमही लागतात आणि ते प्रकरण "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटत नाही. आधीच मॅनेजरला आणि लीगलला विचारून ठेवा की मी अमुक सोसायटीच्या अमुक ग्रुपमध्ये काम करणार आहे, सर्वसाधारण अनुभव सांगितला तर चालेल ना. लेखी उत्तर घ्या. आणि सोसायटीकडूनही हक्कांचे फॉर्म येतात, लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट कुणाकडे जातो ते सही करायच्या आधी वाचा.

दुसरं, धीर धरा. ही सगळी ऐच्छिक कामं, वर त्यावर एकमत व्हायला लागतं. सिसएमएलचंच बघा, मॉडेलिंगची ही भाषा इन्कोसी आणि ओएमजी (ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप, सॉफ्टवेअर आणि मॉडेलिंगची स्टँडर्ड्स ठरवणारी संस्था) यांच्या एकत्र कामातून आली, २००७ मध्ये पहिली आवृत्ती, आणि दुसऱ्या पिढीसाठी ओएमजीने प्रस्ताव मागवले २०१७ मध्ये, ती मंजूर व्हायला २०२५ उजाडलं. तुमची कमेंट तीन महिने तशीच पडून राहिली तर मनाला लावून घेऊ नका, एकदा विनम्रपणे आठवण करा आणि पुढचं काम धरा.

मोठी संमेलनं वर्षात दोन, आणि त्यांच्यातला फरक न कळल्याने नवीन लोक चुकीच्या ठिकाणी खर्च करतात. एक इंटरनॅशनल सिम्पोझियम, तिकडच्या उन्हाळ्यात, साधारण जुलैच्या आसपास, २०२४ चं डब्लिनला झालं आणि २०२५ चं ओटावाला. तिथे पेपर, पॅनेल, ट्युटोरियल असं सगळं असतं. दुसरं इंटरनॅशनल वर्कशॉप, जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, २०२५ चं सेव्हिलमध्ये होतं. इथे पेपर वाचत नाहीत, वर्किंग ग्रुप एकत्र बसून दिवसभर काम करतात. कुठल्याच ग्रुपमध्ये नसताना वर्कशॉपला गेलात तर लग्नात चुकून दुसऱ्याच्या मांडवात शिरल्यासारखं होतं. आणि ग्रुपमध्ये असाल तर उलट, सिम्पोझियमपेक्षा वर्कशॉपलाच जा, वर्षभर ज्यांचे नुसते आवाज ऐकले ती माणसं समोर बसलेली असतात आणि तीन महिने अडलेला मुद्दा अर्ध्या तासात निघतो. प्रवास जमत नसेल तर ऑनलाइन भाग घेता येतो का ते बघा, पण खरं सांगू का, स्क्रीनवर निम्मंच हाती लागतं, कारण निम्म्या गोष्टी चहाच्या वेळी ठरतात.

पेपर लिहायचा असेल तर सिम्पोझियमचं वेळापत्रक बरंच आधी सुरू होतं, उन्हाळ्याच्या संमेलनासाठी पेपर आदल्या वर्षाच्या शेवटाकडे द्यावा लागतो, म्हणजे कल्पना त्याच्याही आधी हवी आणि कंपनीची मंजुरी त्याच्या आत बसवावी लागते. स्वतःचा पेपर जमला नाही तरी रिव्ह्यूअर म्हणून नाव द्या, रिव्ह्यूअर नेहमी कमी पडतात आणि दुसऱ्यांचे चार कच्चे पेपर वाचले की आपला कसा लिहू नये ते चांगलं कळतं. छोटं लिहायचं असेल तर सोसायटीचं इनसाइट हे नियतकालिक आहे, त्याचे अंक एकेका विषयावर असतात, वर्किंग ग्रुपच्या विषयावर अंक निघणार असेल तर तिथे लिहिणं सोपं जातं. जर्नल वेगळं, तिथे संशोधनाचा कस लागतो, पहिल्या झटक्यात तिकडे जाऊ नका. आणि सेबॉक वाचताना केलेल्या त्या खुणा आठवतात? तिथल्या लेखांवर सुधारणा सुचवता येतात, त्या तिकडे पाठवा.

सर्टिफिकेशनबद्दल सगळ्यात जास्त विचारतात म्हणून सांगतो, पण माझ्या मते ते पहिलं पाऊल नाही. तीन पातळ्या आहेत. एसेप, म्हणजे असोसिएट, याला अनुभव लागत नाही, परीक्षा द्यायची. सीसेप, म्हणजे सर्टिफाइड, याला परीक्षा आणि सिस्टिम्स इंजिनिअरिंगचा किमान पाच वर्षांचा अनुभव, आणि तो अनुभव खरा आहे असं सांगणारे सोबत काम केलेले लोक. तिसरं ईसेप, म्हणजे एक्स्पर्ट, वीस-पंचवीस वर्षं घालवलेल्या आणि नेतृत्व केलेल्या लोकांसाठी, ते आत्ता सोडून द्या. परीक्षा सिस्टिम्स इंजिनिअरिंग हँडबुकवर बेतलेली असते, सध्याची पाचवी आवृत्ती २०२३ ची आहे, आणि ती आयएसओच्या १५२८८ या, सिस्टिम घडवण्याच्या प्रोसेसेस ठरवणाऱ्या स्टँडर्डच्या चौकटीत बसवलेली आहे. त्या स्टँडर्डमध्ये चार गटांत मिळून ३० प्रोसेसेस आहेत, त्यातल्या १४ टेक्निकल. अभ्यास करायचा तर या तीस प्रोसेसेस एकमेकींना काय देतात आणि काय घेतात ते कागदावर काढा, पाठ करत बसू नका. कुणीतरी पाठवलेली जुनी चौथी आवृत्ती आणि तिच्यावरचे प्रश्नसंच, ते आधी डिलीट करा.

सीसेपला अनुभवाचं वर्णन लिहावं लागतं, तिथे लोक अडकतात. "प्रोजेक्टमध्ये सहभाग होता" हे चालत नाही, तुम्ही स्वतः काय केलंत ते हवं, रिक्वायरमेंट्स काढल्या, ट्रेड स्टडी म्हणजे पर्यायांची तुलना केली, व्हेरिफिकेशनचा प्लॅन लिहिला, असं. म्हणून आत्तापासून एक फाइल ठेवा, दर महिन्याला दोन ओळी. मिळाल्यावर सीसेप तीन वर्षांनी रिन्यू करावं लागतं, त्यासाठी १२० पीडीयू म्हणजे व्यावसायिक विकासाचे तास लागतात, आणि वर्किंग ग्रुपचं, चॅप्टरचं काम त्यात धरलं जातं. म्हणजे ग्रुपमध्ये काम करणाऱ्याला हे तास शोधत फिरावं लागत नाही, आणि नुसतं सर्टिफिकेट घेऊन बसलेला शेवटच्या वर्षी धडाधड वेबिनार बघत सुटतो. काय बघितलं ते दुसऱ्या दिवशी आठवत नसतं, पण तास भरलेले असतात.

वर्ष-दीड वर्ष झालं की पदं दिसायला लागतील, ग्रुपचा को-चेअर, चॅप्टरचा सेक्रेटरी, खजिनदार. पदाच्या मागे लागू नका असं मी म्हणणार नाही, पण घेताना मुदत आणि तास विचारून घ्या. खजिनदार म्हणजे वर्षअखेरीचा हिशेब आलाच, कार्यक्रमप्रमुख म्हणजे दर महिन्याला वक्ता शोधणं आलं, आणि वक्ते शेवटच्या आठवड्यात रद्द करतात हे धरून चाला, एक बदली वक्ता कायम तयार ठेवा. को-चेअर मात्र जमेल तेव्हा घ्याच, कारण चेअर सोडून गेला की ग्रुप तुमच्याकडे येतो, आणि पुढचं डॉक्युमेंट कशावर करायचं हे तुम्हाला सुचवता येतं.

आणि कधीतरी जमेनासं होतं, नोकरी बदलते, घरी काही निघतं. तेव्हा गायब होऊ नका, चेअरला दोन ओळी लिहा की अमुक तारखेपासून मी थांबतोय, माझ्याकडे हा सेक्शन अर्धा आहे, फाइल जोडली आहे, उरलेल्या कमेंट्स यात आहेत. सांगून थांबलेल्या माणसाला दोन वर्षांनीसुद्धा परत घेतात, आणि न सांगता गेलेल्याचा सेक्शन कुणालातरी पहिल्यापासून लिहावा लागतो.